पोर्टा प्रो हेडफोनची ख्याती स्वतःच्या कानांनी कशी पारखावी

कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा हेडफोन १९८४ साली आला आणि आपला मूळ घाट फारसा न बदलता आजही विकला जातो. पहिलाच हेडफोन घेणाऱ्याला जाणकार मंडळी जी दोन-चार नावे हमखास सुचवतात, त्यांत हे एक असते. ऐकावे जनाचे, करावे मनाचे ही म्हण एरवी कामाची असली तरी इथे ती पुरत नाही, कारण चारचौघांनी केलेले कौतुक वाचून बसलेले मन कान उघडण्याआधीच निकाल देऊन मोकळे होते. म्हणून पारख करताना कानांना मनाच्या तावडीतून सोडवण्याची काही तजवीज करावी लागते.

तुलनेसाठी आपण रोज वापरतो तोच हेडफोन किंवा इअरफोन घ्यावा. दहापट किमतीच्या हेडफोनशी केलेल्या तुलनेतून काही निष्पन्न होत नाही. फोनमधील इक्वलायझर (निरनिराळ्या स्वरांची पातळी कमी-जास्त करणारी सोय) आणि 'बास वाढवा', म्हणजे खर्ज वाढवा, या जातीच्या साऱ्या सोयी आधी बंद कराव्यात. त्यानंतरचे काम कंटाळवाणे असले तरी सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणणे. किंचित मोठा आवाज आपल्याला 'चांगला' वाटतो. शिवाय पातळी खाली आली की कानाला खर्ज अधिक प्रमाणात कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. तेव्हा एखाद्या निवेदकाचे ध्वनिमुद्रण लावावे, दोन्ही हेडफोनांतून त्याचा आवाज सारखाच मोठा वाटेपर्यंत पातळी जुळवावी, प्रत्येकासाठी फोनवरील आवाजाची पायरी कागदावर लिहून ठेवावी आणि पुढची तुलना होईपर्यंत तिला हात लावू नये.

पोर्टा प्रोचे सर्वाधिक कौतुक होते ते त्याच्या बाससाठी, म्हणून इथे जरा रेंगाळणे योग्य ठरेल. एकच स्वर निरनिराळ्या कंपनसंख्येवर वाजवणारे अॅप घेऊन २०० हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला २०० कंपनांपासून) सावकाश खाली उतरावे. साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आवाज भरीव, किंबहुना थोडा फुगीर लागतो. ५० हर्ट्झच्या खाली मात्र तो झपाट्याने क्षीण होतो. इथे एक खबरदारी घ्यावी, कारण खालचे स्वर कानालाच कमी ऐकू येत असल्यामुळे ते कोणत्याही हेडफोनमध्ये विरतात. म्हणून आपल्या नेहमीच्या हेडफोनवरही तीच उतरण करून कोणता आधी दम सोडतो ते पाहावे. मग प्रश्न उरतो की, इतका खालचा खर्ज नसतानाही गाण्यात बास भरपूर का वाटतो? बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची असते, पण तिच्याबरोबर ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वरही निघतात, आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वर मनातल्या मनात पुरा करतो. पोर्टा प्रोचा फुगवटा नेमका याच पट्ट्यात पडतो. युक्ती लबाडीची म्हणावी तर म्हणावी. ऐकायला ती गोड लागते, एवढे खरे.

आता गाणे चालू असताना दोन्ही फोमच्या गाद्या बोटांनी हलकेच कानांवर दाबाव्यात आणि सोडाव्यात. दाबताच बास वाढतो, सोडताच ओसरतो. याचा अर्थ असा की, हेडफोन कानावर कसा बसतो यावर त्याचा आवाज बराच अवलंबून आहे, आणि दोघांचे अभिप्राय वेगळे असण्याचे एक कारण त्यांच्या कानांचे आकार हेही असू शकते. कानांच्या वरच्या बाजूला, कानशिलापाशी, दाब कमी-जास्त करणारी सरकपट्टी असते. तिच्या सर्व स्थितींत तोच तुकडा ऐकल्याशिवाय मत बनवू नये.

मधल्या सप्तकातील मानवी आवाज ऊबदार येतो. झांजा आणि श्वासाचे बारकावे थोडे मागे राहतात, त्यामुळे तासन्‌तास ऐकूनही कान शिणत नाहीत. पण ध्वनिमुद्रणातील दोष हुडकण्याचे काम असेल, तर हा हेडफोन त्यासाठी नव्हे.

पोर्टा प्रोचे रोधन (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) ६० ओहम आणि संवेदनशीलता (ठरावीक विजेवर निघणारा आवाज) एका मिलिवॅटला १०१ डेसिबल असल्यामुळे अर्धा व्होल्ट देणारा साधा फोनही त्याला १०० डेसिबलच्या पुढे नेऊ शकतो, तेव्हा वेगळा अॅम्प्लिफायर (आवाजाचा संकेत वाढवणारे उपकरण) घ्या, असा सल्ला कोणी दिला तर त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

खरी अडचण आवाजाच्या दर्जात नसून हेडफोनच्या रचनेत आहे. हा ओपन प्रकारचा हेडफोन आहे, म्हणजे त्यातील ड्रायव्हरची (आवाज निर्माण करणाऱ्या भागाची) मागची बाजू बंद नसते. परिणामी बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपले गाणे शेजारच्याला ऐकू जाते. शांत खोलीत जुळवलेल्या पातळीवर तो रहदारीच्या रस्त्यावर एकदा लावून पाहावा, आणि शब्द कळण्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागतात ते मोजावे. चढवलेला आवाज कानांना अपाय करू शकतो: जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित ऐकण्याची ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि ९० डेसिबलला ती अवघ्या ४ तासांवर येते. ज्याचे बहुतेक ऐकणे प्रवासात होते, त्याच्यासाठी ही ख्याती निरुपयोगी आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. घरात बसून ऐकणाऱ्यासाठी ती बऱ्याच अंशी रास्त आहे.

शेवटची परीक्षा तासभर डोक्यावर ठेवण्याची. वजन जेमतेम ८० ग्रॅमच्या घरात असल्याने मान अवघडत नाही, पण चश्म्याची काडी गादीखाली येते का ते पाहावे, आणि लांब केस असतील तर सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या ओढताना विशेष जपावे, कारण त्यांत केस अडकतात. हेडफोन जुना किंवा उसना असेल, तर आधी फोम चिमटीत धरून पाहावा. तो भुगा होऊन बोटांना चिकटत असेल, तर नव्या गाद्या चढवून वरील सर्व चाचण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्यात.