लोकगीत रेकॉर्ड करण्याआधी हक्क आणि बिदागीचं कसं ठरवाल?

‘लोकगीताला कुठे मालक असतो?’ असं कुणी म्हणालं की कुणाचे तरी पैसे बुडणार, हे समजून चालावं. चाल आणि शब्द सर्वांचे असतीलही, पण गाणाऱ्याचं गायन आणि ते रेकॉर्डिंग सर्वांचं नसतं. त्यांचे हक्क वेगळे.

आधी गाणं खरंच पारंपरिक आहे का, ते तपासा. जुनं वाटणारं गाणं पुष्कळदा अलीकडच्या कवीचं निघतं. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार कवीच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं कॉपीराइट टिकतो, काही देशांत त्याहूनही जास्त. जुनी पुस्तकं आणि संग्रह चाळा, दोन-तीन वयस्कर गायकांना विचारा. गाणं विधीचं असेल, तर ते बाहेर गायलेलं त्या समाजाला चालतं का, हेही विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला.

मग गायकाशी लेखी करार. यात घाई नको. मजकूर त्यांच्या भाषेत हवा, वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा आणि होकार रेकॉर्ड करून ठेवा. रेकॉर्डिंग कुठे कुठे वापरणार (अल्बम, चित्रपट, जाहिरात, दुसऱ्याच्या गाण्यात तुकडा), आत्ता बिदागी किती, पुढच्या कमाईत वाटा किती, हिशेब कधी देणार आणि गायकाच्या पश्चात पैसे कुणाला, हे सगळं त्यात यायला हवं. ‘सर्व हक्क कायमचे’ हे कलम मी तरी सरळ खोडून टाकेन. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या 1996 च्या करारात लोककला सादर करणाऱ्यांनाही कलाकारच मानलंय, तेव्हा हे उपकार नव्हेत.

कोरस आणि वाद्यं वाजवणाऱ्यांचीही नावं, पत्ते लिहून घ्या. लोकगीतं गोळा करणारे अमेरिकी संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी 1959 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या तुरुंगात कैद्यांचं एक पारंपरिक श्रमगीत रेकॉर्ड केलं. लाकूड तोडता तोडता त्यात पुढे होऊन गात होते जेम्स कार्टर. 2000 साली ते एका चित्रपटात वाजलं, त्या चित्रपटाचा अल्बम तुफान खपला आणि 2002 मध्ये कार्टरना शोधून 20,000 डॉलरचा चेक देण्यात आला. नोंदीत नाव होतं म्हणून शोध तरी घेता आला. बाकीचे कैदी तिथे नुसते ‘कैदी’ म्हणूनच नोंदले गेले.

श्रेयनामावलीत ‘शब्द व चाल: पारंपरिक’ लिहा, त्याखाली गायक आणि ज्या समाजाचं गाणं तो समाज. तुम्ही वाद्यमेळ बांधला असेल तर संगीत संयोजक म्हणून तुमचं नाव जरूर घाला, पण संगीतकाराच्या रकान्यात नको. संयोजनावरचा तुमचा हक्क तुम्ही घातलेल्या भरीपुरताच. दुसरा कुणी तीच चाल आपल्या पद्धतीनं गायला, तर त्याला अडवता येत नाही.

प्रत्येक रेकॉर्डिंगला 12 अक्षर-अंकी आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या. रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे नोंदवताना गायक-वादकांची नावं करारात आहेत तशीच, त्याच स्पेलिंगनं भरा. नावात फरक पडला की पैसे अडकतात. ठरल्या तारखेला हिशेब पाठवा, जमा शून्य असली तरीही.