पस्तिशीनंतर हेवी लायसन : ड्रायव्हिंग स्कूल कसं निवडायचं?

कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याच्या डिस्पॅचला मी बरीच वर्षं काढली. गेटपास, काट्याची पावती, ई-वे बिल, ड्रायव्हरच्या सह्या, सगळं टेबलाच्या अलीकडून. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा वय छत्तीस होतं आणि त्याच पगारात दुसरीकडं कुणी घेईना. पण गेटवर बसून एक गोष्ट पक्की कळली होती. गाड्या उभ्या असायच्या, ड्रायव्हर नसायचा. आता मी दहा टायरी ट्रकवर आहे, बहुतेक सांगली-पुणे-भिवंडी लाईनला.

विटा, जत, तासगावकडून ओळखीच्या पोरांचे फोन येतात. "कुठल्या स्कूलला गेला होतासा, किती घेतले?" हा प्रश्न उलट्या टोकानं सुरू होतो. आधी ठरवायचं ते हे, की चालवायचं काय आहे. पिकअप, छोटा हत्ती किंवा साडेसात टनांच्या आतला टेम्पो घेऊन द्राक्षं-भाजीपाल्याची भाडी मारायची असतील, तर हेवी लायसनची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की, मालासकट साडेसात हजार किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसनवर चालवता येतं. त्याच्या वरची गाडी असेल तरच पुढचं वाचा.

हेवीसाठी वय किमान वीस लागतं आणि एलएमव्ही लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं असावं लागतं. आयुष्यभर नुसती मोटरसायकल चालवलेल्यांचं गणित इथंच एका वर्षानं पुढं जातं, म्हणून नोकरी हातात असतानाच चारचाकीचं लायसन काढून ठेवा. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. चाळिशीकडं आलेल्यांनी स्कूलची फी भरायच्या आधीच डोळे आणि शुगर तपासून घ्यावी. चष्मा चालतो, पण नजरेत काही निघालं तर ते फी भरल्यावर कळून उपयोग नाही. मग परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज, शिकाऊ लायसन, त्यानंतर किमान तीस दिवसांनी पक्क्या लायसनची टेस्ट. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं.

आता मुख्य मुद्दा. मालवाहू गाडीच्या पक्क्या लायसनला स्कूलचा फॉर्म ५ जोडावाच लागतो. अमक्यानं आमच्याकडं शिकून पूर्ण केलं, असा तो दाखला. साध्या कारसाठी शेजारच्या काकांनी शिकवलं तरी भागतं, इथं भागत नाही. त्यामुळं स्कूलकडं विकायला दोन गोष्टी असतात, शिकवणं आणि कागद. काही जण दोन्ही देतात, काही जण फक्त दुसरी. सांगली, मिरज, कराड असं फिरताना मला "सगळं आमच्याकडं लागलं, तुम्ही फक्त सहीला आणि फोटोला या" हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आलं की, पुढं पुढं ते ऐकलं की मी चहाही न घेता उठायचो. ज्याला घरचीच गाडी आहे आणि बापाच्या शेजारी बसून लहानपणापासून गिअर टाकलेत, त्याला तो कागद पुरत असेल. ऑफिसातून उठून ट्रकवर जाणाऱ्याला पुरत नाही.

मग ओळखायचं कसं? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे आपल्या बाजूनं आहेत, पण ते कुणी वाचत नाही. स्कूलचा परवाना फॉर्म ११ मध्ये असतो आणि तो ऑफिसात दिसेल असा लावायचा असतो. त्यावर हेवीचं नाव आहे का, बघा. बऱ्याच ठिकाणी बोर्डावर ट्रकचं चित्र असतं आणि परवाना कार-मोटरसायकलचा. परवाना पाच वर्षांचा असतो, तारीखही बघून घ्या. दुसरं, फॉर्म १५ चं रजिस्टर मागा. कुठल्या शिकाऊनं कुठल्या दिवशी किती तास गाडी चालवली, हे त्यात लिहायचं असतं. मागितल्यावर रजिस्टर पुढं आलं तर बरं. "कशाला पाहिजे?" असा प्रश्न आला तर उत्तर मिळालंच.

तास हा शब्द महत्त्वाचा आहे. मालवाहू गाडीचं प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान पंधरा तास, असं नियमात आहे. म्हणजे रोजचा अर्धा तास, तोही स्टेअरिंग स्वतःच्या हातात असताना. सकाळी सहा ते सातची बॅच आणि केबिनमध्ये चार जण, असा प्रकार असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात, आणि त्यातली पाच सीट बदलण्यात नि आरसे लावण्यात जातात. महिन्याचे साडेसात तास सुद्धा होत नाहीत. म्हणून फी विचारायच्या आधी "एका बॅचला किती जण?" हे विचारा. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. मी ज्या स्कूलला शेवटी गेलो ती जवळची नव्हती आणि स्वस्तही नव्हती. पण तिथं केबिनमध्ये दोघांवर तिसरा घेत नव्हते. बाकीचे बाहेर थांबायचे आणि गाडी मागं घेताना खाली उभं राहून बघायचे. बघण्यातूनही बरंच कळतं.

गाडी कुठली आहे, हेही बघा. मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक-क्लच नसेल तर त्या गाडीवर शिकू नका. नियमानंही ती सोय लागते, आणि तुमच्या जिवालाही. बहुतेक ठिकाणी जुनी सहा टायरी असते, रिकामी. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी ही दोन वेगळी जनावरं आहेत. रिकामी सहा टायरी तिसऱ्या गिअरला सहज उठते, लगेच थांबते, आणि तुम्हाला वाटतं जमलं. निदान अर्धा लोड टाकून दोन-चार दिवस देता का, असं विचारून बघा. बहुतेक जण नाही म्हणतील. हो म्हणणारा सापडला तर फीची घासाघीस करू नका.

एअर ब्रेक शिकवतात की नाही, हे मी मुद्दाम विचारायचो. कारवरून येणाऱ्याला हे सगळंच नवीन असतं. हवा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, बझर वाजत असताना निघायचं नाही, हवा गेली तर पार्किंग ब्रेक आपोआप का लागतो, हवेच्या टाकीतलं पाणी का सोडायचं. नव्या बीएस-६ गाड्यांत डिझेलसोबत डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं द्रव, वेगळं भरावं लागतं, ड्रायव्हर लोक त्याला युरिया म्हणतात. ते संपत आलं की गाडी ताकद कमी करते. जुन्या गाडीवर शिकणाऱ्याला हे निदान फळ्यावर तरी दाखवलेलं असावं.

मास्तर लाईनवर राहिलेला आहे का, हे कळायला माझा एक ठरलेला प्रश्न होता. "खंबाटकी उतरताना कुठल्या गिअरला?" पुण्याकडून येताना खंबाटकी घाट चढून सुरूरकडं उतरायचं, साताऱ्याकडून जाताना बोगद्यातून बाहेर पडलं की सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडं उतार आणि ते नागमोडी वळण. तिथं किती गाड्या उलटल्यात हे या भागात कुणाला सांगायला नको. एका ठिकाणचा मास्तर म्हणाला, "बघून टाकायचा." दुसरा खुर्ची ओढून बसला आणि अर्धा तास बोलला. ज्या गिअरला लोड घेऊन चढशील साधारण त्याच गिअरला उतर, गिअर उतार लागायच्या आधी टाक, कारण उतारात एकदा न्यूट्रलला गेलेली भरलेली गाडी परत गिअर घेईलच असं नाही. एक्झॉस्ट ब्रेक आधी, पायाचा ब्रेक नंतर आणि थोडा-थोडा. सारखा पाय ठेवला की ड्रम तापतो, लायनर पकड सोडतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल त्यानं जे शब्द वापरले ते इथं लिहिता येत नाहीत. मी तिथंच पैसे भरले.

आणि रिव्हर्स. आरटीओच्या टेस्टमध्ये रिव्हर्स असतो तो मोकळ्या जागेत. खरी परीक्षा मार्केट यार्डात, दोन गाड्यांच्या मध्ये हळदीच्या गोडाऊनला गाडी लावताना, पाठीमागं हमाल ओरडत असताना. स्कूलकडं रिव्हर्ससाठी मैदान आहे की नुसती रस्त्यावरची फेरी, हे स्वतः सकाळी जाऊन बघा. आधी सांगून जाऊ नका. बॅच संपवून खाली उतरलेल्या पोरांशी बोला, ऑफिसमधल्या माणसापेक्षा ती खरं सांगतात.

पुण्याचाही पर्याय आहे. २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांचे वेगळे नियम आले. हेवीचा कोर्स सहा आठवडे, ३८ तास, केंद्राला दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि ट्रॅक लागतो. तिथून पास झालेल्याला आरटीओची टेस्ट द्यावी लागत नाही. पुण्यात भोसरीची सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था तर ड्रायव्हर प्रशिक्षणात जुनी आहे. सिम्युलेटरबद्दल माझं मत फार चांगलं नाही, धुकं नि रात्र दाखवायला ठीक, पण क्लचचं वजन त्यात कळत नाही. तरीही पुण्यात राहायची सोय असेल आणि महिना-दीड महिना घर चालेल एवढी शिल्लक असेल, तर आधी तिकडं चौकशी करा. माझ्याकडं ती शिल्लक नव्हती.

पैशाचं थोडक्यात. सरकारी फी शेकड्यांत आहे. शिकाऊ लायसनला एका प्रकारासाठी दीडशे, टेस्टला तीनशे, असं. पोर्टलवर स्वतः भरता येते आणि पावती मिळते. स्कूलची फी वेगळी, आणि ती प्रशिक्षणाची. दोन्ही मिसळून "पॅकेज" सांगणाऱ्याकडून दोन्ही आकडे वेगळे लिहून घ्या. सगळी रक्कम एकदम देऊ नका. निम्मी आधी, निम्मी तास पूर्ण झाल्यावर.

लायसन हातात आलं म्हणजे स्टेअरिंग हातात आलं, असं होत नाही. कुठलाही मालक पहिला प्रश्न विचारतो, "लाईनला किती वर्षं?" नव्याला भरलेली दहा टायरी कुणी देत नाही, आणि देऊही नये. सुरुवात जोडीदार ड्रायव्हर म्हणून, म्हणजे खरं तर क्लीनर म्हणून. ताडपत्री बांधायची, दोर आवळायचा, टायर ठोकून बघायचे, रात्री मोकळ्या रस्त्यावर वस्तादनं दिली तर तासभर चालवायची. माझे वस्ताद माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होते. डिस्पॅचला असताना ज्यांच्या बिल्टीवर मी सही घ्यायचो त्यातले एक. त्यांनी मला कधी "अहो साहेब" म्हणणं सोडलं नाही आणि पाना आणायला पाठवणंही सोडलं नाही. हे पचणार नसेल तर आत्ताच थांबा. या काळात पगार कमी असतो, काही ठिकाणी नुसता भत्ता. घरात आधी बोलून ठेवा. बेदाणा, हळद नि साखरेच्या हंगामात काम मुबलक असतं, पावसाळ्यात मंदी. नोकरी सोडायची तारीख त्या हिशोबानं धरा. मालकाशी बोलताना पगार महिन्यावर की फेरीवर, परतीचं भाडं नसेल तर खाडे कुणाचे, आणि ओव्हरलोडचा दंड कुणाच्या खिशातून, एवढं आधी विचारून घ्या. दंडाचं तर साक्षीदारासमोरच विचारा.

टँकरवर जायचा विचार असेल तर आणखी एक टप्पा आहे. पेट्रोल, गॅस, केमिकल अशा धोकादायक मालासाठी तीन दिवसांचा वेगळा कोर्स करून लायसनवर नोंद करून घ्यावी लागते, आणि एका भारतीय भाषेसोबत इंग्रजी लिहिता-वाचता यावं लागतं. साधं मालवाहू लायसन पाच वर्षं चालतं, या नोंदीचं तीन. डिस्पॅच, स्टोअर, अकाउंट अशा कागदाच्या कामातून येणाऱ्यांना हा रस्ता इतरांपेक्षा सोपा जातो आणि भत्ताही बरा मिळतो. पण लाईनला दोन वर्षं काढल्याशिवाय टँकरचं नाव काढू नका. अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा डुलतो, ते आधी दुसऱ्याच्या शेजारी बसून बघा.