आधी ईडीएम, मग कोलायडर

दिवाळीत नाशिकला घरी आलो की बीएस्सी-एमएस्सीची दोन-चार मुलं भेटायला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: "दादा, सुपरसिमेट्रीतला सीपी भंग म्हणजे नेमकं काय शोधायचं, आणि सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहितो.

कणाच्या जागी प्रतिकण ठेवला आणि सोबत आरशातल्यासारखं डावं-उजवंही उलटवलं, तरी निसर्गाचे नियम तेच राहतात, असं १९६४ पर्यंत मानलं जायचं. हीच सीपी सममिती, आणि ती मोडली की सीपी भंग. त्या वर्षी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत क्रोनिन आणि फिच यांच्या गटाला दिसलं की जास्त काळ टिकणारा उदासीन केऑन हा अस्थिर कण हजारात साधारण दोनदा दोन पायॉनमध्ये (त्याहून हलक्या कणांमध्ये) फुटतो. सममिती खरी असती तर एकदाही फुटायला नको होता. १९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा यांनी क्वार्कच्या तीन पिढ्या धरल्या आणि त्यातून उरणाऱ्या एका फेजने (संमिश्र संख्येच्या कोनाने) याचा उलगडा केला. तरी शोध थांबलेला नाही, कारण विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य संपलं, हे समजवायला ती एक फेज फारच अपुरी पडते.

सुपरसिमेट्री या अजून सिद्ध न झालेल्या सिद्धांतात प्रत्येक कणाला एक जोडीदार मिळतो आणि नव्या फेज ढिगाने येतात. किमान मॉडेलमध्येच शंभरावर नवे पॅरामीटर आहेत आणि त्यात चाळीसहून जास्त फेज. इथे पहिली गोष्ट पक्की करा: एकट्या फेजला अर्थ नसतो. नाशिक रोड स्टेशनसकट सगळ्या गावाने घड्याळं दहा मिनिटं मागे केली आणि गाडीही त्याच वेळेवर धावली, तर पंचवटी एक्सप्रेस कुणाचीच चुकणार नाही. फक्त तुमच्या घरातलं घड्याळ मागे पडलं तर चुकेल. क्षेत्रांची व्याख्या बदलून फेज इकडून तिकडे ढकलता येते. मोजता येतो तो दोन फेजमधला फरक, उदाहरणार्थ म्यू पॅरामीटर (हिग्जच्या जोडीदारांचं वस्तुमान ठरवणारा) आणि गॉजिनोचं (बलवाहक कणांच्या जोडीदाराचं) वस्तुमान यांच्यातला.

आता माझी चूक. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गंगापूर रोडच्या घरी बसून मी पीएचडीचं गणित करत होतो. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरीतून न्यूट्रलिनोची (विद्युतभार नसलेल्या जोडीदार कणांची) जोडी निघते, तिच्या विघटनातल्या तीन संवेगांचा मिश्र गुणाकार घ्यायचा, तो धन किती वेळा आणि ऋण किती वेळा येतो ते मोजायचं. फेज हव्या तशा मोकळ्या सोडल्या होत्या. दोन्हींतला फरक, म्हणजे विषमता, दहा टक्क्यांच्या जवळपास मिळत होती. तीन महिने लॅपटॉप रात्रंदिवस चालू. फोनवर माझ्या गाईड मॅडमना आलेख समजावून सांगितले, त्यांनी एवढंच विचारलं: "ईडीएम लावलास का?"

लावला नव्हता. प्रयोगाने घातलेली ती मर्यादा लावल्यावर माझ्या गणितातले, फेज आणि वस्तुमानांच्या निवडींचे, जवळजवळ सगळे बिंदू बाद झाले.

ईडीएम म्हणजे इलेक्ट्रिक डायपोल मोमेंट. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार त्याच्या स्पिनच्या (अंगभूत फिरकीच्या) दिशेने जरासा जरी सरकलेला असेल, तरी काळ उलटवण्याची सममिती मोडते, आणि सीपीटी प्रमेयामुळे (सीपी आणि काळ एकदम उलटवले तर नियम तेच राहतात, असं ते सांगतं) सीपीही मोडते. सुपरसिमेट्रीत चार्जिनो (भारित जोडीदार) आणि स्न्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा जोडीदार) यांच्या एका लूपमधूनही, म्हणजे क्षणभर उमटून विरणाऱ्या कणांच्या वेटोळ्यातून, हा डायपोल तयार होतो. जोडीदारांचं वस्तुमान काहीशे जीईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आणि फेज मोठ्या असतील, तर तो प्रयोगाच्या मर्यादेच्या हजारो पट येतो. २०१८ मध्ये एक्मी प्रयोगाने थोरियम मोनॉक्साइडच्या रेणूंवरून ही मर्यादा इलेक्ट्रॉनचा भार गुणिले सेंटिमीटर या एककात दहाच्या उणे एकोणतिसाव्या घाताच्या १.१ पटीवर आणली होती. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जिला (JILA) संस्थेच्या गटाने अडकवून ठेवलेल्या हाफ्नियम फ्लोराइडच्या आयनांवर मोजून ती आणखी जवळपास अडीच पट घट्ट केली. एका खोलीत मावणारा हा प्रयोग कण आदळवणाऱ्या अवाढव्य कोलायडरच्या आवाक्यापलीकडच्या वस्तुमानांबद्दल बोलतो, याचं मला आजही भारी वाटतं.

उरलेल्या बिंदूंचे तीन प्रकार होते. काहींत म्यूची फेज जवळजवळ शून्य होती, काहींत डायपोल देणारे दोन वेगळे लूप एकमेकांना खोडत होते, आणि काहींत सिलेक्ट्रॉन (इलेक्ट्रॉनचा जोडीदार) खूप जड होता. तिसऱ्या प्रकारात न्यूट्रलिनोची निर्मितीच मंदावते. प्रबंध शेवटी या उरलेल्या बिंदूंवरच झाला.

दुसरा सापळाही सांगतो. मिश्र गुणाकार शून्य आला नाही म्हणजे सीपी मोडली असं नसतं. अस्थिर कणाच्या रुंदीमुळे (त्याच्या वस्तुमानातल्या पसाऱ्यामुळे) किंवा शेवटच्या कणांच्या आपसातल्या क्रियेमुळेही तो येतो. प्रतिकणांची प्रक्रिया वेगळी मोजा, मग दोन्ही ताडून बघा.

परीक्षांबद्दल थोडक्यात: नेट, गेट, जेस्ट आणि कुलाब्यातल्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेची प्रवेशपरीक्षा, यातलं जे जमेल ते द्या. नाशिकमध्ये राहून वाचनाचं अडत नाही, आर्काइव्ह (arXiv) हे शोधनिबंधांचं ऑनलाइन भांडार १९९१ पासून सगळ्यांना फुकट आहे. अडतं ते गणित तपासून देणाऱ्या माणसावाचून. त्यासाठी उन्हाळ्यात पुण्याला किंवा कुलाब्याला प्रकल्प मिळवा, नाव मोठं नसलं तरी चालेल.

आणि कोड चालवण्याआधी तो एका लूपचा ईडीएम हाताने काढा. पहिल्यांदा आठवडा जाईल, चिन्हं चुकतील. दिवाळीत मी घरी असेन, वही घेऊन या.