दोन-तीन ट्रेलर ओढण्याच्या परवान्याची परीक्षा देताय? या चुका टाळा

अमेरिकेत एका ट्रॅक्टरमागे (ट्रकचा पुढचा, इंजिनाचा भाग) दोन किंवा तीन ट्रेलर जोडून चालवायचे तर क्लास ए सीडीएलवर (व्यावसायिक वाहन परवाना) ‘टी’ एंडोर्समेंट, म्हणजे जादा परवानगी, लागते. रस्त्यावरची चाचणी नसते, फक्त लेखी परीक्षा. बहुतेक राज्यांत 20 प्रश्न असतात आणि पास व्हायला 16 बरोबर यावे लागतात. राज्याच्या सीडीएल पुस्तिकेतला सातवा विभाग म्हणजे थोडकी पानं, म्हणून लोक आदल्या रात्री चाळून जातात आणि तिथेच अडकतात.

अर्ज करतानाच होणारी चूक

शिकाऊ परवान्यावर (सीएलपी) ‘टी’ मिळत नाही. आधी क्लास ए हातात हवा. उलट, 7 फेब्रुवारी 2022 पासून नव्या ड्रायव्हरना सक्तीचं झालेलं ईएलडीटी प्रशिक्षण ‘टी’साठी लागत नाही. त्याच्या नावाखाली कोणी फी मागत असेल तर देऊ नका.

फक्त सातवा विभाग वाचणं

सातव्या विभागातले बरेच प्रश्न पाचवा (एअर ब्रेक) आणि सहावा (जोडगाड्या) कळल्याशिवाय सुटत नाहीत. उदाहरणार्थ 3.5 हा आकडा. तीन ट्रेलरच्या गाडीतला शेवटचा ट्रेलर पाच ॲक्सलच्या साध्या ट्रॅक्टर-ट्रेलरपेक्षा साडेतीन पट सहज उलटतो, हे सहाव्या विभागात दिलंय. स्टिअरिंगला दिलेला छोटा झटका मागे जाता जाता चाबकासारखा वाढत जातो. म्हणून ‘अचानक लेन बदलावी लागली तर’ अशा प्रश्नात हळूवार स्टिअरिंग आणि लांबवर नजर सांगणारा पर्याय निवडा.

शट-ऑफ व्हॉल्व्हची गफलत

बरेच मार्क इथे जातात, आणि खऱ्या गाडीवर जीवही इथेच जातो. हे व्हॉल्व्ह म्हणजे ट्रेलरच्या मागे ब्रेकच्या हवेच्या नळ्यांवर असलेल्या तोट्या. नियम सोपा आहे: पुढच्या ट्रेलरच्या मागचे व्हॉल्व्ह उघडे, शेवटच्या ट्रेलरच्या मागचे बंद. डॉलीवर (मागच्या ट्रेलरचं पुढचं टोक पेलणारा चाकांचा छोटा गाडा) व्हॉल्व्ह असतील तर तेही उघडे. डॉलीच्या हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) मात्र बंद. हे नुसतं पाठ केलं की परीक्षेत उलटसुलट होतं. कारण समजून घ्या.

लाल नळी इमर्जन्सीची. तिच्यातून ट्रेलरच्या टाक्या भरतात. निळी सर्व्हिसची, पेडल किंवा हँड व्हॉल्व्ह दाबल्यावर तिच्यातून ब्रेक लागतात. पुढच्या ट्रेलरमागचा लाल व्हॉल्व्ह बंद राहिला तर मागच्या टाक्या भरतच नाहीत. मागच्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की आपोआप लागणारे) असतील तर चाकं जाम राहतात, ते लगेच कळतं. जुन्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक नसतात. त्याच्या टाकीत हवा नसेल तर तो मोकळा फिरतो आणि त्याला ब्रेकच नाहीत हे ड्रायव्हरला कळत नाही. निळा व्हॉल्व्ह बंद राहिला तर टाक्या भरतात, गाडी सुटते, पण पेडलचा हुकूम मागे पोचत नाही.

म्हणून दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासायच्या. पार्किंग ब्रेक लावा किंवा चाकांना ठोकळे लावा, हवेचा दाब पूर्ण होऊ द्या, ट्रेलरला हवा सोडणारा लाल नॉब आत दाबा, ट्रेलरचा हँड ब्रेक (तोच हँड व्हॉल्व्ह) लावून ठेवा आणि शेवटच्या ट्रेलरच्या मागे जा. इमर्जन्सीचा व्हॉल्व्ह उघडा, हवेचा फुस्स आवाज ऐका, बंद करा. मग सर्व्हिसचा तसाच. दोनपैकी एका जरी नळीतून आवाज आला नाही तर पुढचे व्हॉल्व्ह तपासत या. हँड ब्रेक न लावता सर्व्हिसचा व्हॉल्व्ह उघडला तर हवा येणारच नाही, हा प्रश्नकर्त्यांचा आवडता सापळा आहे.

जोडताना उंची आणि किंगपिन

मागच्या ट्रेलरची उंची डॉलीच्या फिफ्थ व्हीलच्या (ट्रेलर ज्यावर टेकतो ती जोडणीची चकती) मध्यापेक्षा किंचित कमी हवी, म्हणजे डॉली ट्रेलरखाली सरकताना ट्रेलर थोडा उचलला जातो. ट्रेलर फार उंच असेल तर जोडणी नीट बसत नाही. लँडिंग गिअर (ट्रेलरचे पुढचे आधाराचे पाय) आधी जमिनीपासून थोडाच उचलायचा, ओढून पाहायचं, आणि साखळ्या, नळ्या, दिव्यांची वायर जोडून झाल्यावर पूर्ण वर घ्यायचा. ओढून पाहणं पुरेसं नाही, वाकून डोळ्यांनी बघा: वरच्या आणि खालच्या फिफ्थ व्हीलमध्ये फट नको, आणि जबडे किंगपिनच्या (ट्रेलरखालची जोडणीची खुंटी) दांड्याभोवती बंद हवेत, डोक्याभोवती नव्हे.

जड ट्रेलर ट्रॅक्टरला लागून, हलका शेवटी. यात अपवाद शोधत बसू नका.

सोडताना पिंटल हुक आधी उघडणं

मागच्या ट्रेलरखाली डॉली असताना पिंटल हुक (पुढच्या ट्रेलरमागचा, डॉली अडकवायचा हुक) कधीही उघडायचा नाही. डॉलीचा टो बार (ओढदांडा) उसळून वर येऊ शकतो, माणूस जखमी होतो आणि पुन्हा जोडणं महाकठीण होऊन बसतं. क्रम असा: सपाट, टणक जागेवर गाडी सरळ रेषेत उभी करा, ब्रेक लावा, मागच्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक नसतील तर ठोकळे लावा, त्याचा लँडिंग गिअर डॉलीवरचा थोडा भार हलका होईल इतका खाली घ्या, पुढच्या ट्रेलरमागचे व्हॉल्व्ह बंद करा, डॉलीच्या नळ्या आणि वायर काढून बांधून ठेवा, डॉलीचे ब्रेक सोडा, फिफ्थ व्हीलची कळ उघडा आणि डॉली हळूच बाहेर ओढा. त्यानंतर डॉलीचा आधार खाली, साखळ्या सुट्या, डॉलीचे ब्रेक किंवा ठोकळे, आणि मगच हुक. तीन ट्रेलर असतील तर तिसऱ्यापासून सुरुवात.

अंतराचा हिशेब

पुढच्या गाडीपासूनचं अंतर सेकंदांत मोजतात: ताशी 40 मैलांच्या आत गाडीच्या दर 10 फुटांना एक सेकंद, त्याहून जास्त वेगाला आणखी एक. 70 फुटांची गाडी 55 मैलांनी जात असेल तर 8 सेकंद. ‘आणखी एक’ विसरून 7 वर खूण करणारे बरेच असतात.

पास झाल्यावरचा गैरसमज

‘टी’ मिळाली म्हणजे कुठलीही लांब गाडी कुठेही नेता येते असं नाही. इंटरस्टेट महामार्गावर दोन किंवा अधिक ट्रेलरची, एकूण वजन 80,000 पौंडांहून जास्त असलेली गाडी चालवायची तर वेगळं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र लागतं. तीन ट्रेलर तर सगळ्या राज्यांत चालतही नाहीत: ओरेगन, नेवाडा, युटा इथे ठराविक रस्त्यांवर चालतात, कॅलिफोर्नियात बंदी आहे. मार्ग ठरवण्याआधी त्या त्या राज्याचा नियम पाहा.