बागेत डिस्क गोल्फ खेळताय? या चुका टाळा

डिस्क गोल्फ म्हणजे चपटी डिस्क फेकत कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकायची. खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये रविवारी सकाळी कोणी नवीन खेळायला आलं की त्याची पिशवी बघूनच पुढचा तास कसा जाणार ते कळतं. आत ऑनलाइन मागवलेले तीन-चार चकचकीत ड्रायव्हर (लांब टाकायच्या डिस्क) असतात आणि पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) एकही नसतो. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (वेगात असताना वळणं) आणि फेड (वेग कमी झाल्यावर शेवटी उलट बाजूला वळणं). दुकानात सगळ्यांची नजर पहिल्या आकड्यावर जाते. बारा स्पीडची डिस्क म्हणजे लांब जाणार, असा समज. पण तो आकडा डिस्कला किती वेग हवा ते सांगतो, ती तुम्हाला किती वेग देईल ते नाही. नवख्याच्या हातात तेवढा वेग नसतो. मग डिस्क सरळ उडतच नाही, थेट फेडवर जाते. उजव्या हाताने बॅकहँड टाकणाऱ्याची डिस्क हवेतच डावीकडे वळते आणि जोरात खाली येते. ड्रायव्हरची कड पातळ आणि कडक असते. मोकळ्या मैदानात ती गवतात रुतेल, बागेत कोणाच्या तरी नडगीवर बसेल.

पटरची कड बोथट असते, तो हळू उडतो आणि हातातून काय चुकलं ते लगेच दाखवतो. आपल्या बागांमधली जागा बघता चाळीस-पन्नास मीटरचा सरळ थ्रो पुष्कळ झाला, आणि तो पटरने आरामात होतो. माझा नियम कडक आहे: जूनमध्ये आलेल्याला दिवाळीपर्यंत ड्रायव्हर काढू देत नाही. काहींना राग येतो, दोन रविवारनंतर ते येत नाहीत. येऊ नयेत. ज्याला पटर सरळ टाकायचा कंटाळा आहे, त्याने माणसांनी भरलेल्या बागेत डिस्क उचलू नये, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक घाईची. यावर मी कितीही बोललो तरी कमीच.

नेरुळच्या बाजूला एका बागेत आम्ही खेळत होतो. वॉकिंग ट्रॅक जिथे झुडपांमागून वळतो, त्याच्या अलीकडे टी, म्हणजे पहिला थ्रो करायची जागा, होती. एक तरुण मुलगा बराच वेळ थांबला होता, चालणाऱ्यांची रांग संपत नव्हती. शेवटी एक फट दिसली. “दादा, मोकळं आहे, टाकतो,” म्हणाला आणि कोणी हो म्हणायच्या आत हात फिरवला. डिस्क डावीकडे कलली, झुडपांवरून गेली आणि वळणावरून येणाऱ्या एका काकांच्या नडगीवर आदळली. काका तिथेच कठड्यावर बसले. पँट वर केली तर लिंबाएवढं टेंगूळ, वर निळसर रेघ. काकू मागून धावत आल्या. आमच्यातल्या एकाने गेटवरच्या सरबतवाल्याकडून रुमालात बर्फ आणला. काका ओरडले नाहीत. “अरे, माझ्याजागी लहान मूल असतं तर कुठे लागलं असतं, बघ जरा,” एवढंच म्हणाले.  डिस्क टाकणारा मुलगा पांढराफटक पडला होता. वॉचमनने आमचा खेळ बंद केला, आणि योग्यच केलं.

घाई करणारे मला नेहमी तीस सेकंदांत थ्रो करण्याचा नियम ऐकवतात. तो नियम पूर्ण वाचा. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमात तीस सेकंद मोजायला सुरुवातच होते ती समोरचा भाग मोकळा झाल्यावर. आणि कोणाला इजा होणार नाही याची खात्री होईपर्यंत थ्रो करायचा नाही, हेही त्याच नियमपुस्तकात आहे. म्हणजे हास्य क्लब समोरून जाईपर्यंत दहा मिनिटं थांबलात तरी तुमचं काही जात नाही.

आम्ही काय करतो सांगतो. वळण किंवा झुडूप असेल तिथे एक जण पुढे उभा राहतो. त्याचा हात वर असेपर्यंत टीवरचा माणूस डिस्क खाली धरून उभा. हात खाली आला की मगच थ्रो. एकटे खेळत असाल तर जे दिसत नाही त्या दिशेने टाकूच नका, तो होल (टी ते बास्केट हा टप्पा) सोडून द्या. डिस्क भरकटलीच तर “काका, बाजूला!” असं पोटातून ओरडा.

होल मांडतानाही हेच डोक्यात ठेवा. ट्रॅक डाव्या हाताला ठेवून होल मांडणारे लोक मला समजतच नाहीत. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्यांचे बहुतेक थ्रो तिकडेच जातात. डावखुरा असेल तर उलटं. बास्केटच्या मागेही रिकामी जागा हवी, झोपाळे किंवा बाकं नकोत.

“बास्केट नाही, मग खेळायचं कसं?” असं विचारून काही जण वर्षभर नुसते बसतात. 1975 साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियात पहिला कायमचा कोर्स उभारला, तेव्हा तिथेही आधी नुसते खांबच होते. साखळ्यांची बास्केट त्यांनी नंतर आणली. घडीची एखादी बास्केट मिळाली तर उत्तम, नाहीतर दिव्याचा खांब ठरवा. कोवळी झाडं मात्र नकोत, साल निघते. आणि काहीही मांडण्याआधी वॉचमनला विचारा.

डिस्क वर चढून थांबते आणि मागे पडते? पुढची कड वर जातेय. जास्त जोर लावून हे सुधारत नाही. मनगट करंगळीच्या बाजूने किंचित खाली झुकवा आणि हात छातीच्या उंचीवरून सरळ न्या.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो. समोरून वारा असला की उजव्या हाताने बॅकहँड टाकलेली डिस्क उलटून उजवीकडे पळते, मागून असला की लवकर खाली बसते. आम्ही सकाळीच खेळतो त्याचं हेही एक कारण आहे.

पावसाळ्यात धावत येऊन थ्रो करू नका, उभ्यानेच टाका. कोरडा पंचा जवळ ठेवा, प्रत्येक थ्रोआधी डिस्क पुसा.

बास्केटपासून दहा मीटरच्या आतून पट करताना, म्हणजे बास्केटमध्ये टाकताना, पुढे झेपावायचं नाही. डिस्क सोडल्यावर मार्करच्या (आधीची डिस्क पडली त्या जागेच्या खुणेच्या) मागे तोल सावरून दाखवावा लागतो.

फांदीत अडकलेल्या डिस्कवर दगड मारू नका. लांब काठी आणा, नाहीतर वारा येईपर्यंत थांबा. तळ्याजवळ खेळू नका, बहुतेक डिस्क बुडतात. आणि डिस्कच्या आतल्या बाजूला मार्कर पेनाने फोन नंबर लिहून ठेवा. माळीकाका सापडलेली डिस्क परत देतात, पण कोणाला द्यायची ते त्यांना कळायला हवं.