निरनिराळ्या आम्लांत पोलाद किती झिजते, हे कसे मोजावे

माइल्ड स्टीलच्या (कमी कार्बनच्या साध्या पोलादाच्या) एकाच पत्र्यातून 20 × 20 × 2 मिलीमीटरचे तुकडे कापावेत. एमरी पेपरने ते आधी खरखरीत आणि मग बारीक घासून, पाण्याने व ॲसिटोनने धुऊन कोरडे करावेत आणि 0.1 मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर तोलावेत. घासलेल्या तुकड्याला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, कारण बोटांचे तेल लागलेल्या जागी आम्ल नीट पोहोचत नाही.

खरा विचार आम्लांची तुलना कोणत्या पायावर करायची, याचा करावा लागतो. 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे 1 असतो, तर तेवढ्याच मोलर ॲसेटिक आम्लाचा सुमारे 2.9, त्यामुळे संहती (द्रावणातील आम्लाचे प्रमाण) समान ठेवली की पीएच बदलतो. उलट पीएच समान ठेवला, तर ॲसेटिक आम्लातील आयनांत विघटन न झालेले रेणू हायड्रोजन आयनांचा पुरवठा करत राहतात आणि हे सौम्य म्हणवणारे आम्ल पोलाद अधिक वेगाने खाऊ शकते. माझ्या मते दोन्ही प्रकारे प्रयोग करावा; एकाच प्रकारावरून काढलेला निष्कर्ष दिशाभूल करतो.

प्रत्येक आम्लासाठी तीन तुकडे घेऊन ते वेगवेगळ्या चंचुपात्रांत नायलॉनच्या दोऱ्याने पूर्ण बुडतील असे टांगावेत. दर चौरस सेंटिमीटरला किमान 20 मिलिलिटर, म्हणजे अशा तुकड्याला सुमारे 200 मिलिलिटर द्रावण लागते. तापमान सर्वत्र एकच हवे. द्रावण करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे व चष्मा वापरावा, आणि हायड्रोजन बाहेर पडत असल्याने खोली हवेशीर असावी व जवळपास ज्योत नसावी.

24 तासांनी तुकडे काढून मऊ ब्रशने गंज घासावा, पुन्हा धुऊन वाळवावेत आणि तोलावेत. या साफसफाईतही थोडी धातू जाते. म्हणून आम्लात न बुडवलेला एक तुकडा तसाच साफ करून त्याची घट वजा करावी. वजनातील घट मिलिग्रॅममध्ये घेऊन तिला 87.6 ने गुणावे आणि घनता (7.86 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर), पृष्ठफळ (चौरस सेंटिमीटर) व तास यांच्या गुणाकाराने भागावे, उत्तर वर्षाला मिलीमीटर असे मिळते. समजा, 9.6 चौरस सेंटिमीटरच्या तुकड्याची घट 48 मिलिग्रॅम असेल, तर वेग सुमारे 2.3 येईल.

ही सरासरी झीज आहे. म्हणून तुकडा भिंगाखालीही पाहावा: जागोजागी खड्डे पडले असतील, तर हा आकडा प्रत्यक्ष हानी कमी दाखवतो आणि खड्ड्यांची खोली वेगळी मोजावी लागते.