पोपडे धरलेली भिंत फळीवर कशी उतरवायची

जुन्या भिंतींवरून अमूर्त चित्र करताना बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते: जुनेपणा ब्रशने काढायला जातात. रंगवलेला पोपडा नाटकाच्या पडद्यासारखा दिसतो. थर खरेच चढवा आणि खरेच उतरवा.

आधी बघून घ्या. कोल्हापुरात गंगावेश, पापाची तिकटी, भाऊसिंगजी रोड या भागात सकाळी ऊन तिरपं असताना फिरा. पुठ्ठ्यात २ बाय ३ इंचांची खिडकी कापा आणि तिच्यातूनच भिंत बघा. दार, वायर, माणसं आपोआप वगळली जातात. चुन्यावर मारलेला ऑइलपेंट कसा सुटतो, लोणा (ओलीबरोबर भिंतीत चढणारा क्षार) लागलेला पट्टा जमिनीपासून किती वर चढतो, हे टिपून ठेवा.

पॅरिसमध्ये १९४९ पासून रेमों हँस आणि जाक व्हिलग्ले या कलाकारांनी रस्त्यावरची फाटकी पोस्टरं सोलून आणून तशीच चित्र म्हणून मांडली. आपल्याकडे आता बहुतेक फ्लेक्स. तो कागदासारखा फाटत नाही, नुसता फिका पडतो. त्यामुळे कागदी थर आपणच चढवायचे. छापखान्यातली रद्द झालेली हँडबिलं, कुस्ती मैदानाची, नाटकाची उरलेली पोस्टरं मागून आणा. भिंतीवरचं ताजं पोस्टर ओरबाडू नका. देवादिकांचे, पुढाऱ्यांचे चेहरे असलेले कागद तर बाजूलाच ठेवा. फाडलेला चेहरा दिसला की चित्र राहतं बाजूला, वाद तेवढा उरतो.

कॅनव्हास नको, खरवडताना झोळ पडतो. १८ बाय २४ इंचांचं ६ मिमी कमर्शियल प्लाय घ्या आणि दोन्ही बाजूंना प्रायमर मारा. एकाच बाजूला मारलं तर फळी वाकते. ३५० ग्रॅम वॉल पुट्टी, ३ मोठे चमचे फेविकॉल आणि साधारण १०० मिली पाणी कालवून पत्तीने सुमारे १ मिमीचा थर ओढा. जाड थर सुकताना तडकून सुटतो. एक दिवस सुकू द्या, पावसाळ्यात दोन.

आता रंग. भेगेतून जो दिसायला हवा तो खाली: गेरू, गडद हिरवा, नीळ. तो पूर्ण सुकला की ठरावीक जागीच फेविकॉलचा जाडसर हात द्या. बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, अशा वेळी वर फिका ॲक्रिलिक इमल्शन एकाच हाताने मारा. परत ब्रश फिरवलात तर भेगा बुजतात. फेविकॉल जाड असेल तर भेगा रुंद, पातळ असेल तर केसासारख्या. फारच सुकला असेल तर भेगा पडतच नाहीत.

पोस्टरांसाठी ५० ग्रॅम मैदा ४०० मिली पाण्यात शिजवून खळ करा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला. ते विषारी आहे, तेव्हा भांडं स्वयंपाकाचं नको आणि हातात मोजे हवेत. चार-पाच कागद एकावर एक लावा, पण खळ फक्त कडांना आणि मध्ये एखादी फुली. सगळीकडे लावली की कागद एकतर निघत नाही, नाहीतर खालची पुट्टी घेऊनच निघतो. इंकजेटचे प्रिंट टाळा, पाणी लागताच शाई पसरते.

तीन-चार तासांनी, पूर्ण वाळायच्या आत, फवारा मारून दोन मिनिटं थांबा आणि फळीला जवळजवळ समांतर धरून हळू ओढा. उरलेल्या कागदाला तंतूंची पांढरी कड राहते. भिंतीचा खरेपणा याच कडेत असतो. झटक्याने ओढलं की ती हरवते.

देवनागरी अक्षर फाडण्यात एक वेगळीच मजा आहे. खालचं अक्षर काढून शिरोरेषा ठेवली तर आडवा पट्टा, त्याला लोंबणारा एखादा काना किंवा वेलांटीचं टोक, एवढंच उरतं. वाचता येत नाही, पण जाहिरात होती हे कळतं. पूर्ण शब्द शिल्लक राहिला तर बघणारा तोच वाचत बसतो, म्हणून तो तोडाच.

सगळं सुकल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे घासा, मग २२० ने हलका हात. फळीचा निम्म्याहून जास्त भाग शांत, नुसत्या भिंतीचा राहू द्या. शेवटी मॅट ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात. ग्लॉस मारलात तर चुन्याचा कोरडेपणा गेला म्हणून समजा.